गाडी ट्रॅकवर असताना

"ताई, साहेबांच्या निरोपसमारंभात तुम्ही दोन शब्द बोला," असं ऑफिसातली ती नवी मुलगी मला म्हणाली, आणि वर विचारते कशी, "पाच मिनिटं पुरतील ना?" अगं बाई, एक्केचाळीस वर्षं मी या रेसिंग टीमची वेळ मोजलीये. पाच मिनिटांत जेमतेम तीन लॅप होतात, हे मला कोणी शिकवू नये. पण साहेब म्हणजे माझा धाकटा भाऊ, आणि त्याच्याबद्दल जे सांगण्यासारखं आहे ते स्टेजवर सांगता येत नाही. स्टेजवर सगळे गोडच बोलतात. म्हणून इथे सांगते, आणि मला मध्ये तोडायचं नाही.

आम्ही तिघं भावंडं. दादा सगळ्यात मोठा, मधली मी, आणि शेंडेफळ म्हणजे हा. टीममध्ये त्याला सगळे नियमसाहेब म्हणतात, मला तो अजून धाकट्याच आहे. टीम दादाने काढली. दोन गाड्या दाटीवाटीने मावतील एवढं गॅरेज, एक मेकॅनिक, आणि आम्ही दोघं. दादा स्वतःच गाडी खोलायचा, स्वतःच जोडायचा, स्वतःच पळवायचा आणि हरला की स्वतःलाच शिव्या घालायचा. मी ट्रॅकच्या कडेच्या भिंतीपाशी दोन स्टॉपवॉच आणि पेन्सिल घेऊन बसायचे. धाकट्याला ठरलेलं काम नव्हतं. टायर उचल, ट्रक धू, अर्ज भर, पाटी धर.

पाटी म्हणजे काय ते सांगते. तेव्हा रेडिओ नव्हता. गाडीत बसलेल्या माणसाशी बोलायचं तर काळ्या पाटीवर खडूने मोठ्या अक्षरात लिहायचं आणि गाडी समोरून जाताना भिंतीवरून ती पुढे धरायची. कितवा आहेस, किती लॅप राहिल्या, एवढंच. वाचायला त्याला एखादा सेकंद मिळायचा.

एकदा रेस अर्ध्यात आली असताना ट्रॅकच्या कचेरीत शेजाऱ्यांचा फोन आला. घरी आमची आई गेली होती. फोन धाकट्याने घेतला. तेवीस वर्षांचा होता तो, आईचा लाडका. धावत, रडत भिंतीपाशी आला. मी घड्याळात डोळे घालून बसलेली, माझं लक्ष नाही. त्याने पाटी पुसली, 'आई गेली' असं लिहिलं आणि दादासमोर धरली.

अशी चूक दुसऱ्या कुठल्या घरात होणार नाही. बाकीची माणसं अशा वेळी जवळ बसवतात, पाणी देतात, मग सांगतात. आमच्याकडे सगळं पाटीवर सांगायची सवय, तर तेही पाटीवर सांगितलं. दादाने वाचलं. पुढच्या वळणावर त्याने ब्रेक मारलाच नाही. गाडीचा पत्रा कापून त्याला बाहेर काढायला चाळीस मिनिटं लागली. दोन्ही पाय गेल्यातच जमा होते. पुढे काठीवर चालायला लागला, पण रेसची गाडी त्याच्या हातून कायमची सुटली.

दादा धाकट्याला रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. पलंगावर पडल्या पडल्या एवढंच म्हणाला, "धाकट्या, गाडी ट्रॅकवर असताना घरची बातमी नाही. कोणी मेलं तरी नाही." झालं. तेव्हापासून आमच्या टीमचा हा कायदा. आणि धाकट्याने त्या दिवशी कानाला जो खडा लावला तो कायमचा.

त्याच्या पुढच्या नोकरीचं सगळं रहस्य यातच आहे, पण ते निरोपाच्या भाषणात बसत नाही. तो नियमांच्या मागे लागला. रेसचं नियमांचं पुस्तक त्याने तोंडपाठ केलं. लोक कादंबऱ्या वाचतात तसा हा जेवताना कलमं वाचायचा. एकदा आमची गाडी वजनात कमी भरली म्हणून पंचांनी बाद केली. मेकॅनिकने डोक्याला हात लावला. हा शांतपणे आत गेला, काटा सपाट जमिनीवर ठेवलेला नाही हे कलमासकट दाखवलं आणि निकाल परत घेऊन आला. तिथून त्याचं नाव झालं. आधी अर्ज भरणारा, मग मॅनेजर, आणि मोठ्या कंपनीने टीम विकत घेतली तेव्हा डायरेक्टर. दादाला त्यांनी सल्लागार केलं, म्हणजे खिडकीजवळ एक खुर्ची आणि दोन वेळचा चहा. मला हाकलायची मात्र कोणाची छाती झाली नाही. कॉम्प्युटर आले तरी मी माझी घड्याळं घेऊन भिंतीवर बसतच राहिले.

साहेब झाल्यावर धाकट्याचा आवाजही बदलला. पत्रकारांशी असा बोलायचा की मुलाखत संपल्यावर त्यांनी एकमेकांना विचारावं, काय म्हणाले हो ते? पण एक खरं. तो खोटं कधी बोलला नाही. विचारलं तेवढंच सांगायचा, पण सांगायचा ते खरं. रेडिओ आले तेव्हा त्याने नियम केला की ड्रायव्हरच्या कानात एकच आवाज जाईल आणि तो त्याचा असेल. बाकी कोणी त्या बटणाला बोट लावायचं नाही. मी म्हटलं, "तुला फार मोठेपणा आलाय." तर म्हणाला, "ताई, तिथे आत बसलेल्या माणसाला डोळ्यांसमोरचं दिसतं तेवढंच. बाकी सगळं तो माझ्यावर सोडून देतो. त्याने माझ्यावर एकदाही शंका घेता कामा नये." मी गप्प बसले. मला गप्प बसवणारे लोक फार थोडे आहेत.

आता बारकी. दादाची मुलगी. ती तीन वर्षांची असताना तिची आई गेली. दादा काठीवर, धाकट्या फायलींत, म्हणून पोर माझ्याकडे आली. मी लग्न केलेलं नव्हतं. तिला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, आणि नको नको म्हणत असताना ती बापासारखी गाडीत जाऊन बसली. गाडी चालवायची मात्र बापापेक्षा डोक्याने. सत्ताविसाव्या वर्षी ती आमच्या टीमची ड्रायव्हर होती, आणि तिच्या कानात काकाचा आवाज होता.

हे चार वर्षांपूर्वीचं. सीझनची शेवटची रेस. दादाचं हृदय दमलं होतं, महिनाभर हॉस्पिटलात होता. तरी त्या आठवड्यात जरा बरा वाटत होता. बारकी सकाळी त्याला भेटून आली, त्याने तिची थट्टाही केली, "चौथी आलीस तर घरी येऊ नकोस." हॉस्पिटल ट्रॅकपासून चाळीस मिनिटांवर.

दोन वाजून सतरा मिनिटांनी माझा फोन वाजला. बारकी तिसरी होती, एकोणतीस लॅप राहिल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "एक तास, फार तर सव्वा तास. ते शुद्धीवर आहेत, तुमच्याशी बोलायचं म्हणतात." मग दादाचा आवाज. आवाज कसला, नुसता वारा. म्हणाला, "पोरीला आत घे. काही सांगू नका तिला. नुसती आत घ्या, आणि मग पाठवा. मला बघायचंय तिला."

धाकट्या शेजारच्याच स्टुलावर, कानाला हेडफोन. मी त्याचा एक कान उघडला आणि सगळं सांगितलं, दादाचा शब्द न् शब्द. मी म्हटलं, "तिला आत बोलाव. गिअरबॉक्स तापलाय म्हण, काहीही म्हण. गाडी थांबली की मी सांगते तिला."

तो समोर ट्रॅककडे बघत राहिला. बारकी समोरून गेली. मी सवयीने घड्याळाचं बटण दाबलं, मेली सवय.

"नाही," तो म्हणाला.

"अरे, दादाने स्वतः सांगितलंय!"

"ताई, मी तिच्याशी रेडिओवर कधी खोटं बोललेलो नाही. गिअरबॉक्स ठीक आहे हे तिला गाडीत बसल्या बसल्या कळतं. मी खोटं बोललो की तिला कळणार, काहीतरी झालंय. आणि तिचे बाबा हॉस्पिटलात आहेत. पुढचं तिला सांगावं लागेल का? अजून इथे थांबायच्या जागेपर्यंत यायला तिला अकरा वळणं आहेत." त्याने तोंडावरून हात फिरवला. "आणि उद्या मालक ठरवणार आहेत, पुढच्या वर्षी तिला ठेवायचं की नाही. तिसरी आली तर राहील."

"मसणात गेले मालक!"

"रेस संपली की मीच सांगेन. तोवर नाही."

रेडिओच्या बटणावरचा हात त्याने उचलला आणि मांडीखाली दाबून धरला. मला त्या वेळी राग एवढा आला होता की ते दिसूनही दिसलं नाही. नंतर पुष्कळदा आठवलं. मालकबिलक सगळं खरं असेल, पण त्या माणसाने आयुष्यात एकदा चालत्या गाडीला घरची बातमी दिली होती, आणि तिचं काय झालं ते तो रोज दादाच्या काठीच्या आवाजात ऐकत होता.

आणि मी? मी काय केलं? मी तावातावाने उठले, दोन पावलं चालले आणि परत येऊन बसले. मनात म्हटलं, डायरेक्टर तो, निर्णय त्याचा. बारकी पुन्हा समोरून गेली. एकोणतीसच्या एकोणतीस लॅप मी पेन्सिलने लिहिल्या. अक्षर वाकडं आलं, पण लिहिल्या.

ती तिसरीच आली. गाडी थांबल्या थांबल्या धाकट्या तिच्यापाशी गेला, तिने हेल्मेट काढायच्या आत. बक्षीस घ्यायला ती थांबली नाही. आम्ही तिघं एका गाडीतून निघालो. ती रेसच्या कपड्यांतच, कपाळावर हेल्मेटचा वळ. तीन वाजून पन्नास मिनिटांनी आम्ही पोचलो. दादा तीन एकतीसला गेला होता.

माझं डोकं हिशेब केल्याशिवाय राहत नाही. तेव्हाच आत घेतली असती तर ती तीनला पोचली असती. एकतीस मिनिटं तिला मिळाली असती, बाप शुद्धीवर असताना.

खोलीबाहेर नर्स उभी होती. भली बाई, पण भल्या माणसांना कुठे थांबावं कळत नाही. म्हणाली, "शेवटपर्यंत विचारत होते, पोरगी निघाली का म्हणून. फोन तर सव्वादोनलाच केला होता आम्ही."

बारकीने वर बघितलं. "सव्वादोनला? कोणाला?"

मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगते, मी तोंड उघडलं होतं. पण माझ्याआधी धाकट्या बोलला.

"मला. मी घेतला फोन. ताईला यातलं काही माहीत नव्हतं, रेस संपल्यावर सांगितलं तिला."

आयुष्यात पहिल्यांदा तो धडधडीत खोटं बोलला, आणि ते माझ्यासमोर.

बारकी त्याच्याकडे बघत राहिली. तिलाही सुटका हवी असावी, कारण तिने मऊ आवाजात विचारलं, "काका, बाबाच नको म्हणाले ना? रेस संपेपर्यंत सांगू नका म्हणाले ना?"

हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच निभावलं असतं. दादाचाच कायदा, तिला पटलं असतं. वरून कोणी सांगायला येणार नव्हतं. पण दादाच्या नावावर त्याला खोटं बोलवलं नाही.

"नाही," धाकट्या म्हणाला. "त्यांनी तुला बोलवायला सांगितलं होतं. मी बोलावलं नाही. निर्णय माझा होता."

"मी पोचले असते."

"हो."

ती ओरडली नाही, काही नाही. त्याच्याकडे पाठ केली, माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि अशी रडली की माझं अंग हललं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बोलले नाही. आज नको, उद्या सांगू म्हटलं. उद्याचा परवा झाला. तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच.

पुढच्या वर्षी ती दुसऱ्या टीमकडे गेली, खूप लांब. तिथे तिचं छान चाललंय. काकाशी तिने संबंध तोडला. समोर आला तर रस्ता बदलायची, एका पत्रकाराने त्याचं नाव काढलं तर खुर्ची सोडून उठली. मला मात्र दर रविवारी फोन. काय खाल्लं इथपासून कोण मुलगा आवडलाय इथपर्यंत सगळं आत्याला. फोन ठेवता ठेवता म्हणायची, "तू आहेस म्हणून बरंय गं." मी हसायचे. आणि ठेवल्यावर मला अन्न गोड लागायचं नाही.

तर निरोपाचा दिवस. वर्कशॉपमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, गाड्या बाजूला सारून. पडद्यावर धाकट्याचे फोटो, टायरवाल्या पोरापासून कोटातल्या साहेबापर्यंत. मी पहिल्या रांगेत. माझ्या मागे दोन तरुण मेकॅनिक कुजबुजत होते. एक म्हणाला, "पुतणी आली नाही वाटतं?" दुसरा म्हणाला, "कशी येईल? एका तिसऱ्या नंबरासाठी तिला बापाचं तोंड बघू दिलं नाही म्हणे यांनी. माणूस आहे की दगड?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वळून म्हटलं, "जीभ आवर, नाहीतर हासडून ठेवीन." पोरगा गार पडला. पण खरं सांगू? चपराक त्याला नाही, मला बसली होती. चार वर्षं हा माणूस लोकांची बोलणी माझ्याही वाटची खात होता, आणि मी इथे पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणार होते. मी उठले, मागच्या दाराने बाहेर आले, जिथे टायर रचून ठेवतात तिथे, आणि बारकीला फोन लावला.

"आत्या? आज कसा काय? बरी आहेस ना?"

"ऐक. मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझ्याच्याने होणार नाही. त्या दिवशी हॉस्पिटलातून फोन आला तो मला आला होता. काकाला नाही. तुझे बाबा माझ्याशी बोलले. मी काकाला सांगितलं, तो नाही म्हणाला, आणि मी गप्प बसले. तो खोटं बोलला तेव्हाही गप्प बसले."

पलीकडे कुठलं तरी इंजीन चालू होतं. ते बंद झालं.

"तू सगळा वेळ तिथेच होतीस," ती म्हणाली. "भिंतीवर."

"हो."

"मी समोरून जात होते आणि तुला माहीत होतं."

"हो, बाळा."

"आणि मी तुझ्याच गळ्यात पडून रडले." मग ती म्हणाली, "आत्या, रविवारी मी फोन नाही करणार. तूही करू नकोस."

फोन बंद झाला. मी टायरवर बसून राहिले. रडू येत होतं, पण छातीवरचा धोंडा उतरल्यासारखंही वाटत होतं, खोटं कशाला बोलू. वाटलं, उशिरा का होईना, भावाचं ऋण फेडलं.

तेवढ्यात धाकट्या मला शोधत आला. गळ्यात त्यांनी घातलेला हार तसाच. "ताई, आत हाका मारतायत तुला. दोन शब्द बोलायचेत ना?"

"मी बारकीला सांगितलं," मी म्हटलं. "सगळं. फोन मला आला होता ते."

मला वाटलं होतं तो सुटकेचा श्वास टाकेल. निदान माझ्या पाठीवर हात ठेवेल. तो माझ्याशेजारी हळूच बसला, म्हाताऱ्या माणसासारखा. तो म्हातारा झालाय हे मी तोवर बघितलंच नव्हतं.

"काय म्हणाली?"

"आता फोन करणार नाही म्हणाली."

"काय केलंस हे, ताई."

मला राग आला. "खरं ते सांगितलं! चार वर्षं तू माझ्या वाटचं भोगतोयस. मला वाचवायला खोटं बोललास, ते किती दिवस घशात अडकवून ठेवू मी?"

"तुला वाचवायला?" त्याने माझ्याकडे बघितलं. "ताई, तुझा विचारही आला नव्हता माझ्या मनात. आई तिला नव्हतीच. बाप नुकताच गेलेला. काका आता तिला मेल्यासारखा, हे मला दिसत होतं. म्हटलं, या पोरीला रडायला एक तरी खांदा राहू दे."

मला हलकं वाटावं म्हणून मी तिचं शेवटचं माणूस काढून घेतलं होतं, आणि त्याला मी ऋण फेडणं म्हणत होते.

आतून माइकवर पुन्हा हाक आली, "ताई, या ना, सगळे वाट बघतायत." धाकट्याने हार काढून बाजूला ठेवला. आम्ही दोघंही उठलो नाही.